धुरींच्या चोवीस चिंध्या

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे धुरींबद्दल मोकळेपणाने लिहिता येईल. गेल्या हिवाळ्यात कुवेतच्या वाळवंटात आम्ही सतरा माणसं अडीच तास वाट चुकून फिरलो, ती धुरींमुळे नाही. धुरींनी परतीची खूण म्हणून झुडपांना चिंध्या बांधल्या होत्या. त्यांच्या मागून चालत मी त्या एकेक करून सोडल्या आणि कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरल्या. मी वाळवंट स्वच्छ करत होतो. आपण काय करून बसलोय हे कळल्यावरही मी गप्प राहिलो, आणि ती चूक पहिलीपेक्षा मोठी.

यशवंत धुरी कुवेतच्या अर्दिया भागातल्या एका कारखान्यात तंबू शिवायचे. मूळ वेंगुर्ल्याकडचे. बायको-मुलं गावी, आणि हे इथे आणखी चौघांबरोबर एका खोलीत, सव्वीस वर्षं. कुवेतमध्ये थंडी पडली की लोक घरदार बंद करून वाळवंटात तंबू ठोकतात आणि आठवड्याच्या सुट्ट्या तिथेच काढतात. त्यातले निम्मे तंबू आपल्या हातचे आहेत, असा धुरींचा दावा होता.

"निम्मे?" मी एकदा विचारलं.

"उरलेले उसावतत," ते म्हणाले.

बुटका, काटक माणूस. कानटोपी नोव्हेंबरात चढायची ती मार्चातच उतरायची. शर्टाच्या खिशाला दाभण टोचलेलं असायचं आणि त्याभोवती मेण लावलेला दोरा गुंडाळलेला. जगातली सगळी माणसं त्यांनी दोन प्रकारांत वाटून टाकली होती, एकेरी टिपेची आणि दुहेरी टिपेची. एकेरी टिपेचा माणूस दिसायला नीट, पण वाऱ्याला टिकत नाही. आमच्या महबूळा वस्तीतल्या मराठी मंडळींपैकी बहुतेकांना त्यांनी एकेरीत टाकलं होतं. माझा निकाल त्यांनी बरीच वर्षं राखून ठेवला होता.

आमची ओळख माझ्या फजितीतून झाली. मी बँकेत संगणक विभागात आहे आणि कुठलीही गोष्ट पुस्तक वाचून करतो. पहिल्या वर्षी मॉलमधून तयार तंबू आणला. वाळवंटात पोचल्यावर सतरंजी अंथरून माहितीपुस्तिका वाचायला बसलो. चौथ्या पानावर असताना वाऱ्याचा झोत आला आणि अर्धवट उभा तंबू फुगून सरळ कुवेत शहराच्या दिशेने निघाला. मी त्याच्यामागे पळालो. शेजारच्या तंबूची खुंटी ठोकत बसलेला एक माणूस शांतपणे हे बघत होता. मी धापा टाकत रिकाम्या हाताने परत आलो, तेव्हा त्याने सतरंजीवरची पुस्तिका उचलून मला दिली.

"पुस्तक रवला," तो म्हणाला. "तंबू गेलो."

हे धुरी. तेव्हापासून आमच्या ग्रुपचा तंबू तेच शिवायचे आणि तेच ठोकायचे. पांढरं जाड कापड, कडेला हिरवी पट्टी. पाठ वाऱ्याकडे, दार आग्नेयेला. तंबू उभा राहिला की कोणालाही आत सोडायचे नाहीत. आधी स्वतः एकटे आत जाऊन पाच मिनिटं पाठ टेकून पडायचे. "तंबवाक पयलो माणूस वळखीचो व्हयो," हे त्याचं कारण. माझी बायको वर्षा म्हणायची की धुरीदादा वर्षातली एकमेव विश्रांती घेतात, आणि तिला देवधर्माचं नाव देतात.

देवधर्माचं मात्र खरंच होतं. पाच मिनिटांनी बाहेर आले की धुरी गाऱ्हाणं घालायचे. कोकणात कुठल्याही कामाच्या आधी देवाला आणि त्या जागेच्या राखणदाराला मोठ्या आवाजात साकडं घालतात, आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा असतो. आमच्यात नागपूर, सातारा, पुणे सगळीकडचे लोक होते. पण धुरी हातात नारळ घेऊन उभे राहिले की सगळे ओळीत उभे.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"ह्या वाळयेच्या राखणदारा, तुजा नाव आमका म्हायती नाय, पण पयलो मान तुजो, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या सबनीसांच्या तोंडाक घडीभर विसावो दी, म्हाराजा..."

इथे सर्वांत मोठा 'व्हय' यायचा. सबनीस हे आमचे पुढारी. सहल ठरवणं, फोन करणं, वर्गणी गोळा करणं आणि झाल्या गोष्टीवर तीन दिवस बोलणं, हे सगळं तेच करायचे.

गावी राखणदाराला नारळाबरोबर आणखी जे काही लागतं, ते या देशात मिळत नाही. त्यामुळे धुरी जवळच्या एखाद्या दगडाशी ताकाची बाटली ठेवायचे. "देश तसो देव," ते म्हणायचे. "हंय तेका ताक चलता." एका वर्षी शेजारच्या तंबूतले म्हातारे कुवेती गृहस्थ गाऱ्हाणं ऐकून आमच्या ओळीच्या टोकाला येऊन उभे राहिले. त्यांना शब्द कळत नव्हते, पण प्रार्थना कळली असावी. आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं की ते गंभीरपणे 'आमीन' म्हणायचे. नंतर त्यांनी धुरींच्या खांद्यावर हात ठेवला आणि खजुराचं ताट पाठवलं. सबनीसांना मौज वाटली. धुरींना त्यात विशेष काही दिसलं नाही. "कापड तांच," ते खजूर खात म्हणाले, "टीप येगळी."

मला मात्र या गाऱ्हाण्याची लाज वाटायची. हे लिहिताना वाईट वाटतं, पण वाटायची. बँकेतलं कोणी जवळपास तंबू ठोकून असेल तर काय म्हणेल, असं मनात यायचं. मी ओठ हलवायचो, आवाज काढायचो नाही. गेली दोन-तीन वर्षं तर नारळ बाहेर आला की मला नेमका फोन करायचा असायचा आणि मी रेंज शोधत टेकाडाकडे जायचो. धुरींनी हे पाहिलं होतं. एकदा ते गाऱ्हाण्यातच म्हणाले होते म्हणे, "बँकेच्या सायबाक फोन सोडून समोरचा बघूची बुद्धी दी, म्हाराजा." मी टेकाडावर होतो. वर्षाने येऊन सांगितलं, हसत हसत.

गेल्या जानेवारीत धुरी माझ्याच गाडीतून आले. एरवी गाडीत झोपणारा माणूस, त्या दिवशी वाळवंट लागेपर्यंत बोलत होता. गावच्या जत्रेत गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. आजवर थोरला भाऊ घालत असे. आता त्याचा घसा गेला होता.

"आता पाळी माजी," धुरी म्हणाले. "पुढच्या जत्रेक. म्हणान ह्या वर्साक गावाक जातंय, कायमचो."

"पाठ आहे सगळं?" वर्षाने विचारलं.

"वयनी, अख्ख्या गावाची नावां घेवची लागतत. बारा वाडयो, सगळे देव, सगळे मानकरी. एक सुटलो तर वर्सभर भांडाण." आणि जरा थांबून म्हणाले, "सव्वीस वर्सां हंय तुमच्यार तालीम केलंय. नायतर सबनीसाच्या तोंडासाठी देवाक कोण तरास दितलो?"

त्या दिवशीही नारळ निघाला आणि मी टेकाडाकडे गेलो. गाऱ्हाण्यात धुरी काय म्हणाले, ते मला फार उशिरा कळलं. ते म्हणाले होते, "ही लेकरा घळीत फिराक जातत. चिंदी बांधीत जातली, चिंदी बघीत येतली, म्हाराजा." म्हणजे ज्याला मी भाबडेपणा समजत होतो, त्यातच सगळ्या सूचना होत्या, आणि सोळा माणसांनी मोठ्याने ओरडून त्या समजल्याचं कबूल केलं होतं. सतरावा मेल पाठवत होता.

खाडीच्या उत्तरेला एक लांब कडा आहे. एरवी सपाट असलेल्या या देशात तेवढीच काय ती उंची. शतकानुशतकांच्या पावसाने त्याला घळी पाडल्या आहेत. वरून उतरताना घळी एकमेकींना मिळत जातात, त्यामुळे जाताना चुकायचा प्रश्नच नसतो. चढून येताना मात्र प्रत्येक वळणावर दोन फाटे समोर येतात आणि दोन्ही सारखेच दिसतात. दर वर्षी मी तंबू राखायला मागे राहायचो. या वेळी वर्षा मागे राहिली आणि तिने मला पाठवलं.

निघताना धुरींचा एकच नियम. "लोखंडाक हात लावू नकात." युद्धात पेरलेलं काय कुठे उरलं असेल सांगता येत नाही. ते पुढे, आणि शेवटी कोण? त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "सायेब, तुमी शेपूट. शेपटान मागे कोण रवता काय ता बघूचा."

मी ही जबाबदारी फार मनावर घेतली. हातमोजे घातले, काळी पिशवी घेतली. आदल्याच महिन्यात मी ऑफिसात पर्यावरणावर एक व्याख्यान ऐकलं होतं. घळीत लोकांनी टाकलेले ज्यूसचे डबे होते, प्लास्टिक होतं, आणि अरफजच्या झुडपांना कुठे कुठे पांढऱ्या कापडाच्या चिंध्या अडकल्या होत्या. दर वर्षी धुरी नारिंगी कापड वापरायचे. या वर्षी कारखान्यात तंबूचे तुकडेच उरले होते. चिंध्यांना गाठी होत्या, दुहेरी, सुटता सुटेनात. कोणीतरी इतकं मन लावून कचरा केलाय, याचं मला आश्चर्य वाटलं. पण मी एकही मागे ठेवली नाही. निदान तसं मला वाटलं.

परतताना पहिल्या फाट्यावर धुरी थांबले. एका झुडपापाशी गेले, फांदी बोटांत धरून चाचपली. मग दुसरी.

"हंय बांधललंय," ते म्हणाले.

"कुठे आहे मग?" सबनीस म्हणाले.

"हंयच बांधललंय."

माझ्या हातातली पिशवी त्या क्षणी जड झाली. मला सगळं कळलं. बोलायला मी तोंड उघडलंही. पण मुलं घाबरलेली, सबनीस तापलेले. आत्ता सांगून गोंधळ कशाला वाढवा, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या फाट्यावर सांगायला उशीर झाला होता. आणि त्यापुढे मला कोणी विचारलं नाही. अशी तीन चांगली कारणं माझ्याकडे होती.

आम्ही भलत्याच घळीतून वर आलो. पाणी संपलं होतं. एका मुलीचा पाय मुरगळला, तिला धुरींनी पाठीवर घेतलं. वर पोचलो तर चहूकडे पांढऱ्या तंबूंचे ठिपके. धुरींनी डोळे बारीक केले आणि अर्ध्या कोसावर हिरव्या पट्टीचा आपला तंबू ओळखला. पोचेपर्यंत सूर्य टेकला होता.

सबनीस चहा घेता घेता म्हणाले, "धुरी, वय झालं आता तुमचं. पुढच्या वेळी कोणी तरुण बघू. बांधल्या नव्हत्या तर नव्हत्या म्हणायचं ना, सरळ."

मी समोर बसलो होतो. पिशवी माझ्या खुर्चीखाली होती.

धुरी हातातल्या कपाकडे बघत म्हणाले, "बांधल्यो असा वाटता माका."

दुपारी 'बांधललंय' म्हणणारा माणूस संध्याकाळी 'वाटता' म्हणाला. तो एक शब्द मी घरी घेऊन आलो.

वर्षाला पिशवी दुसऱ्या दिवशी सापडली. मला तिच्यापुढे काही लपवता येत नाही. मी अपराधी दिसतो, आणि बहुतेक वेळा काही केलेलं नसतानाही दिसतो, त्यामुळे तिला आधी विश्वास बसला नाही.

"मग सांग त्यांना," ती म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"योग्य वेळ बघून."

आठवड्याने माझ्या गाडीच्या सीटवर एक पारदर्शक पिशवी होती. आत तेवीस चिंध्या, धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. त्यांच्यावर बसल्याशिवाय मला गाडी चालवता येणार नव्हती. मी त्या मागच्या सीटवर ठेवल्या आणि महिनाभर त्यांना बँकेत नेऊन आणत राहिलो.

फेब्रुवारीत मी अर्दियाला गेलो. निमित्त तंबूचा दोर तुटल्याचं. दोर तुटला नव्हता, मी कापला होता. खोटं बोलायला जायची वेळ आली तरी मी पुरावा घेऊन जातो. कारखान्यात धुरी मशीनवर होते. समोरच्या भिंतीवर खडूने काहीतरी लिहिलं होतं. दारं दोन. खिडक्या चार. कड्या बत्तीस. सव्वीस वर्षं ज्याने सगळं डोक्यात ठेवलं, त्या माणसाची भिंत भरली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"डोक्यातली शिवण उसावली, सायेब," ते हसत म्हणाले. "परवा दार एक शिवलंय काय दोन, तीनदा बघलंय. दोनच होती. पण तीनदा बघूचा लागला."

"आणि जत्रा?"

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "पुतण्याक सांगललंय, तूच घाल. मधीच अडाकलंय तर? सगळो गाव समोर. आमच्या घराण्याचो मान तो. चिंदी बांधल्याचा आठवणा नाय, तो बारा वाडयो कशो आठवतलो?"

चिंध्या बाहेर गाडीत होत्या. वीस पावलांवर. मी त्यांना म्हणालो, "विश्रांती घ्या. ब गटाची जीवनसत्त्वं घ्या." हे मी खरोखर म्हणालो. त्यांनी दोर बसवून दिला, आणि मला दारापर्यंत सोडायला आले. "हो दोर तुटाक नाय," ते सहज म्हणाले. "कातरल्यानी कोणीतरी." आणि आत गेले.

मार्चात, तंबूंचा हंगाम संपायच्या आधीच्या शुक्रवारी, सबनीसांनी धुरींसाठी निरोपाची सहल ठरवली. हे सबनीसांचंच डोकं, हे नमूद करायला हवं; तोंडाने फटकळ, पण माणूस विसरणारा नाही. धुरींनी नेहमीसारखा तंबू उभा केला. आत जाऊन पडले. पाच मिनिटांची दहा झाली. बाहेर आले, पिशवीतून नारळ काढला, सगळे ओळीत उभे राहिले. मी या वेळी टेकाडाकडे गेलो नव्हतो.

धुरींनी नारळ माझ्यापुढे धरला.

"सायेब, आज तुमी घाला."

"मी? मला येत नाही."

"तुमका कागद बघून जमता. माका आता..." ते हळू म्हणाले, फक्त मला ऐकू येईल असं, "मधीच थांबलंय तर बरा नाय दिसाचा."

नारळ हातात आला. सगळे माझ्याकडे बघत होते. वर्षाही. माझ्याकडे कागद नव्हता. मला येत होतं ते एवढंच, की वाक्याच्या शेवटी 'म्हाराजा' म्हणायचं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा," मी म्हणालो.

"व्हय म्हाराजा."

"जानेवारीत आम्ही वाट चुकलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." कोणीतरी हसलं.

"धुरींनी चिंध्या बांधल्या होत्या, म्हाराजा. प्रत्येक फाट्यावर. मी शेपूट होतो. मी त्या कचरा समजून सोडल्या. मला तिथेच कळलं, आणि मी बोललो नाही. तेवीस चिंध्या माझ्या गाडीत आहेत, म्हाराजा."

या वेळी 'व्हय' आला नाही. सबनीससुद्धा गप्प होते. म्हणजे एका अर्थी जुनं गाऱ्हाणं फळलं होतं. वर्षा गाडीकडे गेली आणि पिशवी घेऊन आली. धुरींनी ती उघडली, घड्या मोडल्या, एकेक चिंधी बोटांत घेऊन पाहिली. इस्त्री बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"किती म्हणालात?"

"तेवीस."

"चोवीस बांधललंय," धुरी म्हणाले. "शेवटाक एक, दर फाट्यार दोन, आणि सगळ्यात पयली, वयल्या मोठ्या धोंड्याकडच्या झाडाक. ती खंय?"

"ती मला दिसली नाही."

"म्हणजे थंयच आसा." ते जरा वेळ कड्याच्या दिशेने बघत राहिले. ओठ हलत होते. फाटे मोजत होते की वाड्या, मला माहीत नाही. मग त्यांनी माझ्या हातातून नारळ काढून घेतला. "द्या हडे. तुमका जमाचा नाय. देवाक हकीगत सांगतत काय अशी, बँकेतल्यासारखी?"

कानटोपी काढून त्यांनी खिशात कोंबली आणि सुरुवात केली. या वेळी वाळवंटापुरतं नाही, पुरं गाऱ्हाणं, गावचं. देव आले, राखणदार आले, वाड्या आल्या, एकामागून एक, नावांनिशी. आम्ही 'व्हय' म्हणून म्हणून दमलो, ते दमले नाहीत. पलीकडच्या तंबूतून 'आमीन' ऐकू आलं. कुठेही अडखळले नाहीत. आणि अगदी शेवटी, आवाज जराही न बदलता, ते म्हणाले,

"ह्या आमच्या सायबान चूक केल्यान, म्हाराजा. चार म्हयने पोटात ठेवल्यान. आज समद्यांसमोर कबूल केल्यान. टीप उशिरा घातल्यान, पण दुहेरी घातल्यान. तेका पदरात घी, म्हाराजा..."

चार महिने नव्हते, दोनच होते. पण त्यांची तेवढी चूक मी राहू दिली.

सगळे थांबले. सबनीस माझ्याकडे बघत होते, वर्षा बघत होती, आणि दुजोरा कोणीच देत नव्हतं. धुरी नारळ धरून उभे होते, माझ्याकडे न बघता, वाट पाहत. मला समजायला थोडा वेळ लागला.

"माझं चुकलं, धुरी," मी म्हणालो. "मला माफ करा."

ते तरी तसेच उभे.

मग मी छाती भरून श्वास घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, शेजारच्या तंबूंपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो,

"व्हय म्हाराजा."